जुनी शाळा रिकामी झाली : पाडायची, की गावाच्या कामाला लावायची?

पाखाडी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावची प्राथमिक शाळा पटसंख्या फार कमी झाल्याने बंद झाली. मुलं शेजारच्या शाळेत समायोजित केली आहेत. इमारत डिस्ट्रिक्ट लोकल बोर्डाच्या काळातली, १९३० च्या दशकातली. दीड फुटी जांभ्याच्या भिंती, सागवानी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे), मंगलोरी कौलं. एक मोठा वर्ग ३० × २० फूट, १६ × २० चे तीन वर्ग, पुढे आठ फुटांची पडवी. जोतं अडीच फूट उंच. काही वासे वाळवीने खाल्लेत, एका वर्गात गळतं आणि भिंतींना खालून तीन फुटांपर्यंत ओल आहे.

गावात दोन मतं आहेत. एक म्हणतं, पाडून स्लॅबचं सभागृह बांधू. दुसरं, ज्यात मी आहे, म्हणतं की हीच दुरुस्त करून मोठ्या वर्गात सभागृह नि वाचनालय करावं आणि उरलेल्या तीन खोल्या बचत गट, सेवा केंद्र, शिवणकाम अशांना भाड्याने द्याव्यात. मुंबई मंडळ वर्गणी काढायला तयार आहे. पण आधी तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत : दुरुस्ती खरंच होण्यासारखी आहे का, कागदोपत्री काय लागेल, आणि भाड्यावर देखभाल निघेल का. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

चिरेबंदी

वर्णनावरून तरी इमारत दुरुस्तीच्या पलीकडे गेलेली वाटत नाही. मात्र तपासणी वरून खाली करा. आधी छप्पर, मग लाकूड, मग भिंती, शेवटी जोतं आणि आजूबाजूची जमीन. बहुतेक ठिकाणी उलटं होतं : पहिले पैसे रंगात आणि फरशीत जातात, आणि पहिल्याच पावसात दोन्ही खराब होतात.

लाकडात कैचीचा मधला भाग सहसा ठणठणीत असतो. कुजतात ती भिंतीत गेलेली टोकं, कारण तिथे हवा लागत नाही. प्रत्येक टोकाजवळ स्क्रू ड्रायव्हर रोवून बघा. अर्ध्या इंचापेक्षा जास्त सहज आत गेला तर ते टोक गेलं असं धरा. त्यासाठी पूर्ण कैची बदलायची नसते. कुजका भाग कापून जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडायचा आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या लावून बोल्ट करायचे. पट्टीची जाडी आणि बोल्टचं अंतर मात्र अभियंत्याकडूनच काढून घ्या. नवीन टोक भिंतीत बसवताना दोन्ही बाजूंना बोटभर फट सोडा, सिमेंटने चिणू नका.

कौलांचा हिशोब असा. पागोळीपासून पागोळीपर्यंत साधारण ९० × ३६ फूट धरलं तर सपाट क्षेत्र ३०० चौरस मीटर. ३० अंशांच्या उतारावर ते जवळपास ३४७ होतं. मंगलोरी कौलं चौरस मीटरला १५ लागतात, म्हणजे एकूण ५,२०० च्या आसपास. एक तृतीयांश बाद निघाली तर १,७५०, आणि वाहतुकीतली फूट धरून १,९०० ते २,००० मागवा. आढ्याचे कोने वेगळे, मीटरला तीनच्या हिशोबाने ८५ ते ९०. नवीन कौल जुन्याच्या खाचेत बसतं का ते आधी चार नमुने आणून बघा. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांचं माप दोन-चार मिलिमीटरने बदलतं आणि मिसळून घातली की नेमकं तिथेच गळतं. जुनी चांगली सगळी एका पाख्यावर आणि नवी दुसऱ्या पाख्यावर घालणं हा सोपा उपाय.

दस्तऐवज

सगळ्यात आधी एक तपासा : शाळेचा निर्लेखन (म्हणजे इमारत कायमची बाद ठरवण्याचा) प्रस्ताव गेला आहे का? जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळा 'धोकादायक' म्हणून निर्लेखित होतात, आणि एकदा ते झालं की इमारतीचं पुढचं काम फक्त पाडणं आणि भंगाराचा लिलाव. प्रस्ताव बांधकाम उपविभागाच्या दाखल्यावर पुढे जातो. तो दाखला व्हायच्या आधी मान्यताप्राप्त अभियंत्याचं संरचनात्मक तपासणीचं पत्र आणि ग्रामसभेचा ठराव गटशिक्षणाधिकारी व उपअभियंता दोघांच्या टेबलावर पोचला पाहिजे. पोचपावती घ्या.

ठरावासाठी गणपूर्ती बघा : ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. गणपूर्तीशिवाय झालेला ठराव पुढे कोणीही उडवू शकतो.

दुसरं, जमीन कोणाची? तीन शक्यता असतात. गावठाणातली सरकारी जागा, जिल्हा परिषदेच्या नावे असलेली, किंवा गावातल्या घराण्याने शाळेसाठी दिलेली. तिसरी असेल तर बक्षीसपत्र शोधा. 'शाळेच्याच कामासाठी' अशी अट असेल तर वारसांची लेखी संमती घेतल्याशिवाय गाळे काढू नका. सातबारावर इतर हक्कात काय लिहिलंय ते वाचा. गावठाणात असेल तर स्वामित्व योजनेच्या ड्रोन मोजणीनंतर मिळकत पत्रिका तयार झाली असेल, त्यात धारक म्हणून कोणाचं नाव लागलंय ते बघा. चूक असेल तर आत्ताच दुरुस्त होते, गाळे लागल्यावर होत नाही.

इमारत जिल्हा परिषदेची राहिली तर सरळ रस्ता म्हणजे परिषदेने ती ग्रामपंचायतीला ठरावीक मुदतीने वापरायला देणं आणि ग्रामपंचायतीने व्यवस्थापन समिती नेमणं. ग्रामपंचायतीला पुढे गाळे लांब मुदतीने द्यायचे असतील तर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते.

ओटीवरून

+१. आणि शाळेचं जनरल रजिस्टर सोडवून घ्या! रिकाम्या शाळेत कपाटासकट पडून असतं.

दस्तऐवज

ओटीवरून, फार मोलाचं. पाखाडी, हे खरं म्हणजे पहिलं काम. दाखल-खारीज रजिस्टर म्हणजे नुसती हजेरी नव्हे. जन्मतारीख, जात, वडिलांचं नाव, गाव यांचा तो मूळ पुरावा असतो. इतर मागासवर्गाच्या जात पडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची नोंद मागतात, आणि कित्येक घरांकडे शाळेच्या रजिस्टरपलीकडे दुसरा कागद नसतो. ज्या शाळेत मुलं समायोजित झाली तिथे यादी करून, पानांची संख्या लिहून, दोघांच्या सहीने ताबा द्यावा. वाळवी लागलेली पानं उन्हात टाकू नका, कडक होऊन तुटतात. सावलीत वाऱ्यावर सुकवा आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

नवी_वाट

थोडं वेगळं मत मांडतो. भावना समजतात, पण कौलारू इमारतीची दरवर्षी देखभाल करणारे हात गावात राहिले आहेत का? कौलं परतणारी माणसं मिळत नाहीत, माकडं कौलं फोडतात, वाळवी पुन्हा येते. काँक्रीटचं सभागृह एकदा बांधलं की पंचवीस-तीस वर्षं बघायला लागत नाही. निधीही नव्या बांधकामाला लवकर मिळतो, दुरुस्तीला मिळत नाही. गावाच्या दृष्टीने व्यवहार्य काय ते बघावं.

चिरेबंदी

नवी_वाट, माणसं आणि माकडं हे दोन्ही मुद्दे खरे आहेत, त्यांना हसण्यावारी नेता येणार नाही. पण 'पंचवीस वर्षं बघायला लागत नाही' हे कोकणात धरून चालू नका. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. सपाट स्लॅबला उतार कमी पडला किंवा सळईवरचं आच्छादन पातळ राहिलं की सळई गंजते, फुगते आणि खालचे पोपडे पडतात. समुद्राजवळच्या गावांत क्षारांमुळे हे आणखी लवकर होतं. म्हणूनच कोकणात जिथे बघाल तिथे स्लॅबवर पुन्हा पत्र्याची शेड उभी दिसते. म्हणजे छप्पर दोनदा बांधलं.

पत्र्याबद्दलही सांगतो, कारण पुढची सूचना तीच येणार. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगड पट्ट्यात कौलं आणि पत्रे दोन्ही उडाले. फरक असा की कौलं गेली तेवढीच बदलता येतात. पत्रा कडेने उचलला की अख्खी शीट पट्ट्यांसकट जाते. कौलारू छपराला वाऱ्यापासून वाचवायचं तर पागोळीच्या दोन ओळी, बाजूच्या कडा आणि आढ्याजवळची ओळ रिपेला (कौलं जिच्यावर टेकतात त्या आडव्या पट्टीला) तांब्याच्या किंवा जस्ताच्या तारेने बांधा. कौलाच्या मागच्या कानाला त्यासाठीच भोक असतं. सगळी कौलं बांधायची गरज नाही, वारा कडेनेच उचलतो.

माकडांवर उपाय म्हणजे कौलांखाली पातळ फळ्यांचं तक्तपोशी छत. कौल फुटलं तरी पाणी थेट खाली पडत नाही आणि खोली मे महिन्यात बरीच थंड राहते. मात्र फळ्या आणि कौल यांच्यामध्ये हवा खेळायला दीड-दोन इंच जागा हवी, नाहीतर फळ्याच कुजतात.

गवंडीकाम

भिंतीच्या ओलीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तीन फुटांपर्यंत एकसारखी ओल म्हणजे ती खालून चढते आहे, छपराची नाही. दोन कारणं जवळजवळ नेहमी सापडतात.

एक : मैदानात वर्षानुवर्षं माती आणि वर पेव्हर ब्लॉक टाकून अंगण वर आलेलं असतं आणि जोतं त्यात बुडलेलं असतं. अडीच फूट जोतं म्हणताय, ते चारी बाजूंना अडीच आहे का मोजा. मागच्या बाजूला हमखास फूटभर उरलेलं असतं. मातीचा थर काढून जोत्यापासून तीन फुटांपर्यंत बाहेर उतार द्या आणि पागोळीच्या बरोबर खाली जांभ्याचा चर बांधा.

दोन : नंतर कधीतरी आतून-बाहेरून केलेला सिमेंटचा गिलावा आणि त्यावर ऑइलपेंटचा पट्टा. जांभा सच्छिद्र, तो पाणी ओढतो आणि हवेत सोडतो. सिमेंटने आणि ऑइलपेंटने ते सोडणं बंद होतं, ओल वर चढत जाते आणि गिलाव्यामागे लोणा (क्षारांची पांढरी भुकटी) धरतो. जलरोधक रंग हा उपाय नव्हे, त्याने ओल आणखी एक फूट वर सरकते.

उपाय : ओलीच्या रेषेच्या वर एक फुटापर्यंत सिमेंटचा गिलावा पूर्ण काढा, सांधे पाऊण-एक इंच खोल खरवडा, कोरड्या ब्रशने लोणा झाडा. पाण्याने धुऊ नका, क्षार परत आत जातात. भिंत निदान एक उन्हाळा उघडी राहू द्या. मग चुन्याचा गिलावा : १ भाग मुरवलेला चुना, ३ भाग स्वच्छ नदीची वाळू. खाडीची वाळू स्वस्त मिळाली तरी नको, ती मिठासकट येते. पहिला थर १२ ते १५ मिलिमीटर, वरचा हात ३ ते ५. चुना किमान पंधरा दिवस पाण्यात मुरलेला हवा, महिनाभर असेल तर उत्तम. न मुरलेले खडे राहिले तर गिलाव्यात नंतर फोड येऊन खड्डे पडतात. काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करा. मे महिन्यात थर वरून वाळतो आणि आत कच्चा राहतो. शेवटी चुन्याच्या निवळीचे तीन पातळ हात. प्लास्टिक रंग लावलात तर केलेलं सगळं वाया.

फेज_न्यूट्रल

विजेचं आत्ताच ठरवा, गिलावा होण्याआधी. शाळेचं जुनं कनेक्शन एक फेजचं असणार. तुमच्या यादीप्रमाणे भार काढला तर : आठ संगणक १.२ किलोवॅट, झेरॉक्स आणि प्रिंटर १.५, शिलाई मशीन सहा मिळून १ च्या आसपास, दिवे-पंखे १, पाण्याचा एक अश्वशक्तीचा पंप ०.७५, आणि बचत गटाने मसाल्याची चक्की घेतली तर तीन अश्वशक्तीचे २.२. एकूण साडेसात किलोवॅटच्या पुढे. तीन फेज घ्या आणि मोटारी वेगळ्या सर्किटवर ठेवा, नाहीतर चक्की सुरू झाली की संगणक बंद पडतात.

कनेक्शनचा वर्ग बदलून घेणं विसरू नका. शाळेच्या नावाच्या मीटरवर दुकान चालवलं तर तो वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर धरतात आणि आकारणी दुप्पट दराने होते. प्रत्येक गाळ्याला त्याच्या नावाचं स्वतंत्र मीटर आणि सभागृह, पंप, अंगणातले दिवे यांना समितीच्या नावाचं एक, अशी विभागणी सगळ्यात कमी भांडणाची.

तारा जांभ्याच्या भिंतीत खाच मारून नेऊ नका. वरून पाइप टाका, तुळयांच्या कडेने न्या. दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटर, सॉकेटना २.५. लाकडी छप्पर आहे म्हणून ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच) प्रत्येक गाळ्यात वेगळा हवा. सगळ्यांना मिळून एकच लावला तर एका इस्त्रीने सगळी शाळा अंधारात जाते.

अर्थिंगचं माप मे महिन्यात घ्या. कातळावर आणि जांभ्यात पावसाळ्यात रीडिंग छान येतं, उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की बिघडतं. विजांचा कडकडाट मात्र तेव्हाच सुरू होतो.

कोकमसरबत

खोल्या कोणाला द्यायच्या यावर. शिवणकाम, सेवा केंद्र, टपाल-बँकेचा प्रतिनिधी, पॅकिंग आणि लेबलिंग हे सगळं या इमारतीत चालेल. पण आमच्याकडे बचत गट म्हटलं की कोकम आगळ, काजू आणि आंब्याचा रस येतो, आणि ही तिन्ही कामं मूळ इमारतीत अजिबात करू नयेत.

आगळात मीठ असतं. सांडलेलं खारं पाणी फरशीच्या सांध्यांतून जोत्यात जातं आणि गवंडीकाम म्हणतात तो लोणा तुम्ही स्वतःच भिंतीत भरता. काजू बी भाजताना-फोडताना निघणारं टरफलाचं तेल हाताची कातडी सोलतं आणि ते पेटतंही, सागवानी कैच्यांखाली ते नको. आंब्याच्या रसाला वाफ, उकळतं पाणी आणि धुण्याचं भरपूर सांडपाणी. या कामांसाठी मागच्या बाजूला, इमारतीपासून वीस-पंचवीस फुटांवर वेगळी शेड करा : धुता येईल अशी फरशी, मधोमध गटार, भिंतीला पाच फुटांपर्यंत टाइल, माशी येऊ नये म्हणून जाळी. अन्न परवान्याची पाहणी होते तेव्हा हेच बघतात. तयार माल मात्र शाळेतल्या खोलीत ठेवा आणि विका.

पाखाडी

कोकमसरबत ताई, हा मुद्दा आमच्या डोक्यातही नव्हता. मागे जुन्या स्वयंपाकाच्या खोलीची जागा आहे, तिथे शेड बसेल.

क्योतोहून

जपानमध्ये हा प्रश्न फार मोठा आहे, कारण मुलं कमी झाल्याने दरवर्षी शाळा बंद होतात. तिथल्या शिक्षण मंत्रालयाने २०१० पासून रिकाम्या शाळा आणि त्या मागणारे यांची गाठ घालून देणारा उपक्रमच चालवला आहे.

क्योतोचं उदाहरण तुमच्या जवळचं वाटेल. १८६९ मध्ये, सरकारी शिक्षणव्यवस्था येण्याच्याही आधी, शहरातल्या मोहल्ल्यांनी स्वतःच्या पैशातून ६४ प्राथमिक शाळा उभ्या केल्या. त्यांपैकी तात्सुइके शाळा बंद झाल्यावर तिच्या इमारतीत २००६ मध्ये मांगा संग्रहालय सुरू झालं. जुने लाकडी मजले आणि जिने राखले आहेत, आणि लोक मैदानातल्या हिरवळीवर पुस्तकं घेऊन पडलेले असतात.

उलट बाजूही सांगते. टोकियोच्या चियोदा वॉर्डात एका बंद माध्यमिक शाळेत २०१० मध्ये '३३३१' नावाचं कलाकेंद्र निघालं, नावाजलं गेलं, आणि मार्च २०२३ मध्ये बंद झालं. इमारत वॉर्डाची, केंद्राला ती मुदतीने दिलेली. म्हणून मुदत संपल्यावर काय होणार, गाळेधारकांनी केलेल्या सुधारणा कोणाच्या, हे पहिल्या करारातच लिहिलेलं बरं.

पुणेरी_वाडा

मुदत आणि करार यावरून भिडे वाडा आठवला. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू केली ती जागा. पुढे तिथे भाडेकरू आणि दुकानं, मग स्मारकासाठी ताबा घेताना वर्षानुवर्षं कोर्टकज्जे. निकाल लागेपर्यंत इमारत इतकी खचली होती की डिसेंबर २०२३ मध्ये ती उतरवूनच जागा ताब्यात घेतली गेली. आता तिथे स्मारक होणार, पण मूळ वास्तू गेली. गाळे देताना भाडेकरू हक्क निर्माण होऊ न देणं किती गरजेचं आहे हे यातून दिसतं.

दस्तऐवज

पुणेरी_वाडा यांच्याशी पूर्ण सहमत. भाडेपट्टा नको, लिव्ह अँड लायसन्स (जागा वापरायची फक्त परवानगी देणारा करार) करा. महाराष्ट्रात तो लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, अकरा महिन्यांचा असला तरी. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून ठेवलेला कागद कोर्टात तुमच्या बाजूने उभा राहत नाही. गाळे जाहीर लिलावाने द्या, एकाच घरात दोन जाणार नाहीत अशी अट घाला.

शाळा ट्रस्टची असेल, जिल्हा परिषदेची नसेल, त्यांच्यासाठी : सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ३६ प्रमाणे इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या पट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. नंतर घेऊ म्हणून चालत नाही.

आणखी एक. शाळा बहुधा मतदान केंद्र असणार. निवडणुकीत आणि आपत्तीत सभागृह प्रशासनाला द्यावं लागेल हे प्रत्येक करारात लिहा. त्या दिवसांत गाळ्यांचा रस्ता पडवीतून न जाता बाजूने असेल तर दुकानं बंद ठेवायची वेळ येत नाही.

देशावरचा

विषयाला थोडी बगल देतो. आमच्या सातारा-वाई भागात अशा शाळा दुमजली, वाड्याच्या बांधणीच्या आहेत, वर लाकडी तक्तपोशी. तिथे वाचनालय वरच्या मजल्यावर चालेल का?

चिरेबंदी

पुस्तकांची कपाटं वर नकोत. भारतीय मानक ८७५ प्रमाणे वर्गखोलीसाठी चौरस मीटरला ३ किलोन्यूटन भार धरतात, म्हणजे साधारण ३०० किलो. पुस्तकांच्या रॅकच्या खोलीला किमान ६, आणि खुर्च्या पक्क्या नसलेल्या सभागृहाला ५. म्हणजे वर्ग म्हणून नीट चाललेला मजला ग्रंथालय किंवा लग्नाचा हॉल म्हणून चालेलच असं नाही. वर शिकवणी, शिवण, अभ्यासिका ठेवा, पुस्तकं आणि गर्दी तळमजल्यावर. आणि वर जायला एकच लाकडी जिना असेल तर दुसरा बाहेरून लोखंडी करा.

पाखाडींच्या मोठ्या वर्गालाही हे लागू : ६०० चौरस फुटांत दाटीने ऐंशी माणसं बसतात. दोन दरवाजे हवेत, विरुद्ध बाजूंना, आणि दोन्ही बाहेर उघडणारे. शाळेचे जुने दरवाजे आत उघडतात. बिजागऱ्या फिरवून बसवल्या की काम होतं, चौकट बदलायला नको.

घंटा

शाळेची पितळी घंटा कोणी भंगारात देऊ नका. ग्रामसभा वेळेवर सुरू करायला तिच्यासारखं दुसरं काही नाही 🙂

ओटीवरून

आणि सभा संपवायला दोन घंटा!

विहीरकर

तीनशे चौरस मीटर छपरावर तीन मीटर पाऊस म्हणजे वर्षाला नऊ लाख लिटर पाणी, आणि एप्रिलमध्ये त्याच गावात टँकर येतो. पूर्ण साठवायला जाऊ नका, तेवढी टाकी परवडत नाही. पण मागच्या पाख्याला पन्हळ लावून २०,००० लिटरची टाकी ठेवलीत तर अर्ध्या छपराचं पाणी धरूनही दोनशे मिलिमीटरच्या आत ती भरते. जून-जुलैत तसे दोन-तीन दिवस येतातच. टाकी सप्टेंबरअखेर भरून झाकून ठेवायची आणि मार्चनंतर उघडायची. पन्हळाला पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडणारी तोटी हवी. उरलेलं पाणी विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात.

स्वच्छतागृहाचा शोषखड्डा मात्र विहिरीपासून किमान ६० फूट लांब. जांभ्यातून पाणी फार लवकर झिरपतं, शक्य असेल तर आणखी दूर न्या. शाळेची मुतारी मोठ्यांना उपयोगाची नसते, बायकांसाठी दोन, पुरुषांसाठी एक आणि अपंगांसाठी एक असं नवीनच बांधा. जोत्यावर चढायच्या उतरंडीला (रॅम्पला) १ ला १२ चं प्रमाण, म्हणजे अडीच फूट जोत्याला ३० फूट लांबी. सरळ बसत नसेल तर मध्ये सपाट टप्पा घेऊन वळवा. पडवीच्या मधोमध आणू नका, बाजूने आणलीत तर दर्शनी खांब झाकले जात नाहीत.

वहीखाते

तिसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात लावला नाही. आकडे उदाहरणादाखल घेतो, तुम्ही तुमचे घालून बघा.

तीन खोल्या, महिना २,५०० प्रत्येकी. वर्षाचे ९०,००० दिसतात, पण सरासरी नऊच महिने भरलेल्या राहतील असं धरा : ६७,५००. सभागृह १,५०० रुपयांनी वर्षातले वीस दिवस : ३०,०००. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर यापेक्षा जास्त धरू नका. एकूण ९७,५००. खर्च : झाडलोट आणि लक्ष ठेवणारं माणूस महिना ३,००० म्हणजे ३६,०००, कौलं परतणं आणि फुटलेली बदलणं २५,०००, समितीच्या मीटरचं बिल आणि पंप १२,०००, विमा आणि किरकोळ १०,०००. झाले ८३,०००. उरले साडेचौदा हजार.

म्हणजे भाड्यावर देखभाल निघते, सुरुवातीची मोठी दुरुस्ती निघत नाही. ती वर्गणी, देणगी, निधी यांतूनच करायची. कर्ज काढून भाड्यातून फेडू असा हिशोब कोणी मांडला तर त्याला हाच कागद दाखवा.

अनामत रकमेबद्दल तळमळीने सांगतो. लिलावात मोठी अनामत मिळते आणि ती लगेच बांधकामात घातली जाते. दोन वर्षांनी गाळेधारक सोडून जातो तेव्हा परत द्यायला पैसे नसतात, तो ताबा सोडत नाही, आणि तिथून वाद सुरू होतो. अनामत वेगळ्या मुदत ठेवीत ठेवा आणि समितीच्या दोघांच्या सहीशिवाय ती मोडता येऊ नये.

नवी_वाट

हिशोब पटला. माझी शंका माणसांची होती, ती अजून आहे. कौलं परतणार कोण?

गवंडीकाम

दोन-तीन गावांनी मिळून एक जोडी बांधून घ्यावी, एप्रिल-मे महिन्यात ओळीने. घरांची कौलं कमी झाल्याने एका गावात त्यांना पुरेसं काम मिळत नाही, म्हणून ती माणसं दुसऱ्या धंद्याला लागतात. शाळा, देऊळ, सहाण आणि उरलेली कौलारू घरं मिळून पंधरा-वीस दिवसांचं काम लेखी ठरवून दिलं तर येतात. सोबत गावातले दोन तरुण हाताखाली द्या. छपरावर चालायचं ते रिपेवर आडवी फळी टाकून. कौलावर पाय दिला की जेवढी बदलली तेवढी फुटतात.

पाखाडी

सर्वांचे मनापासून आभार. नवी_वाट यांचा प्रश्न आमच्या सभेतही येणार, त्यामुळे शेजारच्या दोन गावांशी बोलणं सुरू करतो. आता शेवटचं : पावसाला दोन महिने उरलेत, मंडळाकडे सध्या मोठी दुरुस्ती होईल एवढे पैसे नाहीत. जूनच्या आधी काय करावं?

चिरेबंदी

कमी पैशात एवढंच. गळणाऱ्या वर्गावरची कौलं उतरवून फुटकी बदला. खाल्लेल्या वाशांना शेजारी दुसरा वासा जोडून आधार द्या. कैचीचं टोक नरम असेल तर खालून लाकडी टेकू उभा करा, टेकूखाली फळी ठेवा म्हणजे तो जमिनीत रुतणार नाही. वाळवीसाठी भिंत आणि फरशीच्या सांध्यात फुटाफुटावर १२ मिलिमीटरची भोकं पाडून प्रत्येकात एक लिटर औषध, इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर लिटर पाण्याला २.१ मिलिलिटर. विहिरीच्या बाजूला हे करू नका आणि करणाऱ्याने हातमोजे, मास्क घालावा. मागच्या बाजूची माती काढून चर मोकळा करा. हे श्रमदानात होतं.

खिडक्या उघड्या ठेवण्याची सोय करा, जाळी मारून. बंद शाळा पावसाळ्यात आतून कुजते. आणि जुलै-ऑगस्टमध्ये भर पावसात कोणीतरी आत जाऊन कुठे गळतं, भिंतीवर ओलीची रेषा कुठवर येते ते खडूने तारखेसकट मार्क करा. ऑक्टोबरमध्ये अंदाजपत्रक त्या खुणांवरून होईल.

दस्तऐवज

श्रमदानाच्या आधी ग्रामपंचायतीचं पत्र आणि जिल्हा परिषदेच्या उपअभियंत्याची लेखी परवानगी घ्या. इमारत अजून त्यांची आहे. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो त्याच फायलीला लावा, निर्लेखनाचा विषय आला तर तीच फाइल दाखवायची. १ मेची ग्रामसभा चुकवू नका, पुढची थेट १५ ऑगस्टला असेल.